कोणी न पाहिलेल्या जीवाचे मोल

बुरशी हा शब्द आपल्या भाषेत चांगल्या अर्थाने सहसा येत नाही. पावसाळ्यात ती चपलांवर धरते, लोणच्याच्या बरणीत शिरते, कपाटातल्या प्रार्थनापुस्तकाच्या पुठ्ठ्यावर पांढरट डाग पाडते. घरची माणसे ती पुसून टाकतात, आणि पुसून जात नसेल तर ती वस्तूच फेकून देतात. शेवाळ हा शब्दही फारसा मानाचा नाही. त्यावरून पाय घसरतो एवढीच त्याची ख्याती. मग शेवाळावर राहणारी बुरशी, आणि तीही समुद्राखाली, प्रवाळाच्या खडकांत, जिथे आपल्यापैकी फार थोड्यांची दृष्टी कधी पोहोचेल, अशा जीवाविषयी एका साहित्यिक त्रैमासिकात लिहावे असे त्यात काय आहे?

आमच्या मते त्यात एक जुना नैतिक प्रश्न आहे, आणि तो इथे फार उघडपणे समोर येतो. जो जीव कोणी पाहिलेला नाही, ज्याला नाव नाही, ज्याचा उपयोग कोणाला ठाऊक नाही आणि जो कदाचित उपद्रवीही असेल, त्याला काही मोल आहे काय? असल्यास ते त्याला कोणी दिले? वाघ, हत्ती, मोर ह्यांच्या बाबतीत उत्तर देणे अवघड जात नाही. त्यांचे रूपच त्यांची वकिली करते. प्रवाळालाही निदान रंग आहेत. बुरशीची बाजू मांडायला काहीच नाही. म्हणूनच तिच्याविषयी आपण जे उत्तर देऊ, ते आपले खरे उत्तर असेल.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. प्रवाळभित्ती म्हणजे पोवळ्याच्या असंख्य चिमुकल्या प्राण्यांनी चुन्याच्या सांगाड्यांवर सांगाडे रचून उभारलेले बांधकाम. जगाच्या सागरतळाचा एक टक्का भागही ह्या भित्तींनी व्यापलेला नाही. तरीही सागरी जीवांच्या सुमारे एक चतुर्थांश जाती त्यांच्या आश्रयाने राहतात, असा शास्त्रज्ञांचा हिशेब आहे. ह्या भित्तींवर नाना प्रकारची समुद्रशैवाले वाढतात. हॅलिमेडा हे हिरवे शैवाल आपल्या अंगात चुना साठवते आणि मेल्यावर त्याचे तुकडे होऊन पांढरी वाळू बनते. उष्ण समुद्रांतील कित्येक बेटांचे किनारे अशा वाळूचे आहेत. सरगॅसमला हवेने भरलेले वाटाण्याएवढे फुगे असतात, त्यांच्या आधाराने ते पाण्यात उभे राहते. पडिना पंख्यासारखे उमलते. तपकिरी लोबोफोरा खडकाला बिलगून पसरते. ह्या सर्वांच्या अंगावर आणि अंगात बुरश्या राहतात. काही पृष्ठभागावर आपले तंतू पसरतात. काही पेशींच्या मधल्या जागेत, यजमानाला दिसेल असा अपाय न करता, मुक्काम करून असतात. काही जिवंत शैवालाचे पोषण चोरून घेतात. काही त्याच्या मरणाची वाट पाहतात आणि मेलेल्या शैवालाचे विघटन करून त्यातील द्रव्ये पुन्हा समुद्राच्या स्वाधीन करतात.

हे जीव शोधून काढणे सोपे नाही. संशोधक शैवालाचा तुकडा प्रयोगशाळेत आणतात, त्याचा पृष्ठभाग निर्जंतुक करतात, त्याचे बारीक काप करून समुद्राच्या पाण्यात तयार केलेल्या पोषक थरावर ठेवतात, जिवाणू माजू नयेत म्हणून त्यात प्रतिजैविक मिसळतात, आणि वाट पाहतात. कधी काही दिवसांनी, तर कधी काही आठवड्यांनी एखादा तंतू डोके वर काढतो. जे लवकर वाढतात ते बहुधा जमिनीवरही आढळणारे धटिंगण असतात. जे खरोखर त्या शैवालाचेच आहेत, ते काचेच्या बशीत पुष्कळदा वाढतच नाहीत. अलीकडे पाण्यातून किंवा शैवालातून थेट जनुकद्रव्य वेगळे काढून वाचता येते. त्या वाचनात अशा कितीतरी खुणा सापडतात ज्या कोणत्याही ज्ञात बुरशीशी जुळत नाहीत. म्हणजे तिथे कोणीतरी आहे एवढे कळते. ते कोण, हे कळत नाही.

आकडेही हेच सांगतात. २०१९ साली शास्त्रज्ञांनी केलेल्या मोजणीत वर्णन झालेल्या सागरी बुरश्यांच्या जाती साडेबाराशेच्या आसपास होत्या. प्रत्यक्षात त्या दहा हजारांहून अधिक असाव्यात, असा ह्याच क्षेत्रातील जाणकारांचा अंदाज आहे. जमीन व समुद्र मिळून पाहिले तर दीड लाखाच्या आसपास बुरश्यांना नावे मिळाली आहेत, आणि २०१७ साली मांडलेल्या अंदाजानुसार पृथ्वीवर त्यांच्या २२ ते ३८ लाख जाती असाव्यात. आपल्या ह्या घरात राहणाऱ्यांपैकी बहुतेकांशी आपली अद्याप ओळखच झालेली नाही, असा ह्या आकड्यांचा अर्थ होतो.

जी थोडी ओळख झाली ती काही माणसांच्या चिकाटीमुळे. यान व एरिका कोलमायर ह्यांनी १९७९ साली सागरी बुरश्यांवरचा मोठा ग्रंथ सिद्ध केला. पुढे १९८७ साली यान कोलमायर आणि ब्रिगिटे फोल्कमान-कोलमायर ह्यांनी मध्य अमेरिकेतील बेलीझ व ऑस्ट्रेलिया येथील प्रवाळखडकांवर सापडलेल्या एका नव्या प्रजातीला ‘कोरॅलिओनास्टेस’ असे नाव दिले. प्रवाळात राहणारा, असा त्याचा आशय. आपल्याकडे गोव्यातील दोनापावला येथे १९६६ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत डॉ. चंद्रलता रघुकुमार व डॉ. शेषगिरी रघुकुमार ह्यांनी शैवालांवरील आणि प्रवाळांतील बुरश्यांचा अनेक वर्षे अभ्यास केला. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील सागरी बुरश्यांचा शोध घेणारे डॉ. बी. डी. बोरसे आणि गोव्याचे डॉ. डी. जे. भट ह्यांनी सहकाऱ्यांसह भारतातील सागरी बुरश्यांचा एक ग्रंथ २०१२ साली पणजीहून प्रसिद्ध केला. ज्याकडे कोणी वळूनही पाहत नाही त्याकडे आयुष्यभर पाहत राहणे, हे ह्या मंडळींनी केले. त्यांच्या ह्या पाहण्यामागे कोणता न्याय आहे, हा आमच्या लेखाचा विषय होय.

पहिले उत्तर उपयोगाचे. ते सर्वांत लवकर सुचते आणि ते खोटेही नाही. दुसरे महायुद्ध संपले त्या १९४५ साली सार्डिनिया बेटावरील काल्यारी शहरात ज्युसेप्पे ब्रोत्झू नावाच्या प्राध्यापकाने, जिथे शहराचे सांडपाणी समुद्राला मिळत होते तेथील पाण्यातून एक बुरशी वेगळी केली. विषमज्वराच्या जंतूंना ती आवर घालते, हे त्याने दाखवून दिले. पुढे ऑक्सफर्डच्या संशोधकांनी त्या धाग्यावरून काम केले आणि त्यातून सेफॅलोस्पोरिन हे प्रतिजैविकांचे कुळ जन्माला आले. आज आपल्या गावच्या दवाखान्यातही त्या कुळातील औषध दिले जाते. सांडपाण्याच्या तोंडाशी असलेली बुरशी लक्षावधी मुलांचे प्राण वाचवण्याच्या कामी आली. शिल्पकारांनी नाकारलेला दगड कोनशिला झाला म्हणतात, त्याचे ह्याहून चांगले उदाहरण शोधावे लागेल.

दुसरे उदाहरण थेट आपल्या विषयाचे आहे. अमेरिकेतील स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेत विल्यम फेनिकल ह्यांच्या गटाला हॅलिमेडा शैवालावर राहणाऱ्या एका अ‍ॅस्परजिलस बुरशीपासून एक द्रव्य मिळाले. शैवालाच्या नावावरून त्याला हॅलिमाइड म्हटले गेले. त्याच्या रचनेवर बेतून प्लिनॅब्युलिन नावाचे औषध तयार झाले आणि कर्करोगाच्या रुग्णांवर त्याच्या मोठ्या चाचण्या झाल्या. परंतु केमोथेरपीने कमी होणाऱ्या पांढऱ्या पेशींसाठी ते वापरावे, ह्या अर्जाला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२१ साली मान्यता दिली नाही. आणखी एका चाचणीचा पुरावा मागितला.

इथे पहिल्या उत्तराची मर्यादा लक्षात येते. उपयोग हेच मोल असेल, तर त्या हॅलिमेडावरच्या बुरशीचे मोल अर्ज दाखल झाला तेव्हा वाढले आणि नकाराचे पत्र आले त्या दिवशी उतरले, असे म्हणावे लागेल. बुरशी मात्र जशी होती तशीच होती. शैवालही तेच होते. उतरला तो आपला भाव. बाजारात भाव आणि मोल हे शब्द एकाच अर्थाने चालतात; विवेकाच्या दरबारात तसे चालत नाहीत. शिवाय उपयोगाचे हे माप एकदा हाती घेतले की ते बुरशीवरच थांबेल, ह्याची खात्री कोण देणार? ज्या घरात प्रत्येक वस्तू ‘हिचा काय उपयोग?’ म्हणून तोलली जाते, त्या घरात अंथरुणाला खिळलेल्या आजीकडेही एके दिवशी त्याच नजरेने पाहिले जाते. आम्ही बुरशी आणि माणूस एका पायरीवर बसवत नाही. माप एकच वापरले तर काय होईल, एवढेच सांगत आहोत.

दुसरे उत्तर थोडे खोल जाते. ते म्हणते: ह्या जीवाचा मला थेट उपयोग नसेना का, पण संपूर्ण रचनेत त्याला काही काम आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘लाउदातो सी’ ह्या विश्वपत्रात ह्याचा स्पष्ट उल्लेख आहे. मोठे प्राणी आणि पक्षी नाहीसे होतात ते आपल्या नजरेस येते. परंतु सृष्टीचा गाडा नीट चालण्यासाठी बुरश्या, शैवाले, कृमी, कीटक आणि अगणित सूक्ष्म जीवही आवश्यक असतात, अशा आशयाचे विधान त्यांनी तेथे केले आहे. एका परमगुरूने अखिल ख्रिस्तसभेला उद्देशून लिहिताना बुरशी आणि शैवाल ह्यांची नावे घ्यावीत, ही गोष्ट लहान नाही. आणि खरे तर आपल्याला त्याचे नवल वाटू नये. किण्व, म्हणजे यीस्ट, हीदेखील एक बुरशीच. तिच्यावाचून द्राक्षांच्या रसाचा द्राक्षारस होत नाही, आणि द्राक्षारसावाचून मिस्साबली नाही. स्वर्गाच्या राज्याला प्रभू येशूने जी उपमा दिली, त्यांत एका स्त्रीने पिठात लपवलेले खमीर आहे. लपून काम करणारा जीव त्याच्या दृष्टीला पडलेला होता.

तरीही हे दुसरे उत्तर पुरे पडत नाही. सागरी बुरश्यांचे वर्तन पाहिले तर त्या केवळ नेमून दिलेली सेवा मुकाट्याने करणाऱ्या सेवेकरी आहेत असे दिसत नाही. लिंड्रा थॅलासिए ही बुरशी सरगॅसमच्या हवेच्या फुग्यांत शिरते, तेव्हा ते फुगे मऊ पडतात, काळवंडतात आणि सुकलेल्या मनुकेसारखे सुरकुततात. शास्त्रज्ञांनी त्या रोगाला मनुकेचेच नाव दिले आहे. कॅरिबियन समुद्रात जाळीदार पंख्यासारखे दिसणारे मऊ प्रवाळ एका रोगाने मोठ्या प्रमाणावर मरू लागले, तेव्हा १९९६ साली त्यामागे अ‍ॅस्परजिलस कुळातील बुरशी असल्याचे दिसून आले. दोन वर्षांनी तिची नेमकी जात ओळखली गेली, आणि ती जमिनीवरच्या मातीतही आढळणारी निघाली. फ्रेंच पॉलिनेशियातील प्रवाळांत ह्याहून विलक्षण गोष्ट दिसली. प्रवाळाच्या सांगाड्यात सूक्ष्म हिरवे शैवाल राहते. त्या शैवालावर जगणारी बुरशी चुना पोखरत वर येते आणि जिवंत प्राण्याच्या अंगाला टोचू लागते. तेव्हा प्रवाळ तिच्याभोवती दाट चुन्याचे पुट चढवून तिला कोंडून टाकतो. शिंपल्याने कणाभोवती मोती घडवावा, तसे ते दिसते. हे निरीक्षण १९९५ साली प्रसिद्ध झाले. त्या लेखाच्या शीर्षकातच, हे सहजीवन म्हणावे की रोग, असा प्रश्न विचारलेला होता.

ह्या जीवांमधील संबंध इतके गुंतागुंतीचे असतात. शैवालेही गप्प बसत नाहीत. बहामा बेटांभोवतीच्या लोबोफोरा शैवालात बुरशीला रोखणारे एक द्रव्य सापडले. ते अत्यल्प प्रमाणातही काम करते. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या ह्या अभ्यासात चार वर्षांच्या काळात दहा ठिकाणांहून ५१ नमुने गोळा केले होते, त्यांतील ४६ नमुन्यांत ते द्रव्य बुरशीला थोपवण्याइतके होते. फिजीच्या प्रवाळभित्तींवरील कॅलोफायकस नावाचे लाल शैवाल तर आपले बुरशीनाशक द्रव्य अंगभर न फासता पृष्ठभागावरील ठरावीक ठिपक्यांत ठेवते, असे २००९ साली दिसून आले. त्याच कुळातील द्रव्ये हिवतापाच्या परजीवीविरुद्धही प्रयोगशाळेत प्रभावी ठरली. बुरशीचा हल्ला नसता तर शैवालाला हे शस्त्र घडवण्याची गरज पडली असती काय? आणि थंड उत्तर अटलांटिकच्या किनाऱ्यावर ह्याच्या अगदी उलट नमुना आहे. तेथील अ‍ॅस्कोफायलम शैवाल आणि त्याच्या अंगात राहणारी मायकोफायशस बुरशी ही एकमेकांपासून वेगळी अशी निसर्गात जवळजवळ आढळतच नाहीत. ओहोटीच्या वेळी कोरडे पडण्यापासून ती बुरशी शैवालाच्या कोवळ्या पिल्लांना वाचवते, असे प्रयोगांवरून दिसते.

म्हणजे कोणी सेवेकरी, कोणी चोर, कोणी शत्रू, कोणी जिवलग. आणि तोच जीव आज एक तर उद्या दुसरा. ‘काम’ हे जर मोलाचे कारण मानले, तर मनुकेचा रोग आणणाऱ्या बुरशीचे काय करायचे? आणि एकच काम दहा जाती करत असतील, तर त्यांतील नऊ जाती गेल्या तरी चालेल, असे म्हणायचे काय? रचनेतील उपयोग हा शेवटी उपयोगच. फक्त मालक बदलला. माझ्या जागी व्यवस्था आली.

ह्या ठिकाणी आपल्या परंपरेतील दोन आचार्यांकडे वळणे आम्हांला आवश्यक वाटते. संत ऑगस्टीन ह्यांनी ‘ईश्वराचे नगर’ ह्या ग्रंथात, सृष्टीतील अपायकारक गोष्टींवरून निर्मात्याला दोष देणाऱ्यांना उत्तर दिले आहे. आपल्याला सोय किंवा गैरसोय होते ह्यावरून पदार्थाचा न्याय करू नये. पदार्थ स्वतःच्या स्वभावात जसा आहे तसा पाहावा, म्हणजे तो आपल्या कारागिराचा गौरव करतो हे दिसेल, असा त्यांचा युक्तिवाद आहे. त्यानंतर आठशे वर्षांनी संत थॉमस अक्वायनस ह्यांनी प्रश्न विचारला की, सृष्टीत इतकी विविधता का असावी? त्यांचे उत्तर असे की, परमेश्वराचा चांगुलपणा कोणत्याही एका निर्मितीत मावणे शक्य नाही. म्हणून त्याने अनेक आणि भिन्न निर्मिती केल्या, जेणेकरून एकीत जे उणे राहते ते दुसरीने भरून काढावे. ह्या दृष्टीने पाहिले तर विविधता ही कोठारातील शिल्लक नव्हे. ती एका अपार अर्थाची सांगण्याची रीत आहे. साडेबाराशे शब्द आपल्याला कळले. उरलेले हजारो अजून वाचायचे आहेत, आणि वाचायच्या आधीच पाने फाटत आहेत.

पवित्र ग्रंथातही आम्हांला ह्याला आधार दिसतो. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात पाण्यात जीवांची दाटी झाली आणि ते चांगले आहे असे परमेश्वराने पाहिले, तेव्हा मनुष्य अद्याप निर्माण व्हायचा होता. चांगले म्हणण्यासाठी आपल्या संमतीची वाट पाहिली गेली नाही. दुसऱ्या अध्यायात आदामाने प्राण्यांना नावे दिली, पण तिथे गुरे, पक्षी आणि वनपशू ह्यांचाच उल्लेख आहे. समुद्रातील जीव त्या दिवशी त्याच्यासमोर आणले गेले नाहीत. ते काम मागे राहिले, असे म्हणावयास हरकत नाही. आणि ईयोबाच्या ग्रंथात परमेश्वर जेव्हा वादळातून बोलतो, तेव्हा तो ज्या ओसाड भूमीत एकही माणूस नाही तिथेही पाऊस पाठवणारा कोण, असे विचारतो. माणूस नसलेल्या ठिकाणी पडणारा पाऊस वाया गेला असे तो मानत नाही.

इथे एक आक्षेप येईल आणि तो गंभीर आहे. २०२१ सालच्या करोनाच्या लाटेत महाराष्ट्रात हजारो रुग्णांना काळ्या बुरशीच्या आजाराने गाठले. कोणाचा डोळा गेला, कोणाचा जबडा काढावा लागला, कित्येकांचे प्राण गेले. त्या घरांतील माणसांसमोर उभे राहून बुरशीच्या मोलाची भाषा करण्याचा अधिकार आपल्याला आहे काय? आम्हांला वाटते, सावधपणे आहे. मोल असणे आणि समान मोल असणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ख्रिस्तसभेची शिकवण प्रत्येक जीवाला त्याचा स्वतःचा चांगुलपणा आहे असे मानते, आणि त्याच वेळी माणसाचे स्थान त्याहून वरचे आहे असेही निःसंदिग्धपणे मानते. रुग्णाला वाचवण्यासाठी बुरशीशी लढणे हा धर्मच होय; त्यात अपराधाचा लवलेश नाही. गरजेपोटी लढणे, गरजेपोटी वापरणे, ह्याला मुभा आहे. ज्याला मुभा नाही ती बेफिकिरी. आपण प्रवाळावरच्या बुरश्यांशी लढलेलो नाही, त्यांच्यापासून आपला बचावही करत नाही. आपल्या लेखी त्या नाहीतच. आणि त्या नाहीत असे धरून आपण त्यांचे घर तापवत आहोत.

ते घर कसे मोडते, हे दिसू लागले आहे. समुद्राचे पाणी फार तापले की प्रवाळ आपल्या पेशींत राहणारी सूक्ष्म शैवाले बाहेर टाकतो, पांढरा पडतो, आणि ताप लवकर उतरला नाही तर मरतो. लक्षद्वीपच्या प्रवाळांनी १९९८, २०१० आणि २०१६ साली हे सोसले आणि २०२४ साली पुन्हा सोसले. कोणी म्हणेल की प्रवाळ मेला तरी त्याच्या सांगाड्यावर शैवाल वाढेलच, मग शैवालावरच्या बुरशीला कसली भीती? ह्याचे उत्तर जमैकाकडे आहे. तेथील भित्तींवर १९७० च्या दशकाच्या अखेरीस जिवंत प्रवाळाचे आच्छादन निम्म्याहून अधिक होते. आधीच मासेमारीने शैवाल खाणारे मासे कमी झाले होते. त्यात चक्रीवादळ आले आणि १९८३-८४ च्या सुमारास शैवाल चरणारे काळे समुद्री साळू रोगाने मेले. १९९० च्या दशकाच्या आरंभी प्रवाळाचे आच्छादन पाच टक्क्यांच्या खाली आले आणि शैवालाचे ४ टक्क्यांवरून ९२ टक्क्यांवर गेले. दुरून पाहणाऱ्याला तो तळ हिरवा आणि भरलेला दिसेल. पण भरलेले घर आणि एकाच पाहुण्याने बळकावलेले घर ह्यांत अंतर असते. जिथे अनेक प्रकारच्या खोबणी, अनेक प्रकारची शैवाले, अनेक प्रकारचे चरणारे जीव होते, तिथे काही थोड्या दांडग्यांचे राज्य झाले. त्या गडबडीत कोणकोणते निनावी रहिवासी गेले, हे विचारायला त्यांची यादीच कोणाकडे नव्हती. ज्यांना नाव नव्हते त्यांचे मरणही नोंदले जात नाही. माणसांच्या जगात ही गोष्ट आपण दुष्काळांत, महापुरांत आणि महामारीत पाहिली आहे.

हा विषय आपल्यापासून दूरचा नाही. मालवणच्या सागरी अभयारण्याला १९८७ साली मान्यता मिळाली; सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातील खडकांवर प्रवाळ आणि सरगॅसम शेजारी शेजारी आहेत. विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे १०५ किलोमीटर खोल समुद्रात, कान्होजी आंग्रे ह्यांच्या नावाने ओळखला जाणारा आंग्रिया बँक हा बुडालेला प्रवाळी उंचवटा आहे. वसईपासून मालवणपर्यंत आपले कितीतरी बांधव समुद्रावर पोट भरतात. त्यांना हे वेगळे सांगायला नको की जाळ्यात येणारा मासा हा समुद्राचा शेवटचा टप्पा असतो. त्याच्या मागे जे खाणे आहे, आणि त्या खाण्याच्या मागे जे कुजणे आहे, ते डोळ्यांना दिसत नाही.

मग आपल्याकडून अपेक्षा ती काय? प्रत्येकाने सूक्ष्मदर्शक घेऊन बसावे, असे नाही. परंतु तीन गोष्टी आपल्या आवाक्यात आहेत. पहिली, जे आपल्याला ठाऊक नाही ते मोडण्याआधी थांबणे. किनाऱ्यावर नवे बंदर, नवा भराव, नवी सांडपाण्याची वाहिनी येते तेव्हा ‘तिथे तसे काही महत्त्वाचे नाही’ हे वाक्य ऐकू येते. ते वाक्य कोणी तपासून म्हटले की न पाहताच म्हटले, एवढे विचारण्याचा हक्क ग्रामसभेला आणि धर्मग्रामाला आहे. दुसरी, पाहणाऱ्यांचा मान राखणे. आपल्या मुलांपैकी एखादीला शेवाळ, कीटक किंवा बुरशी ह्यांचा अभ्यास करावासा वाटला, तर ‘त्यातून नोकरी कोणती मिळणार?’ हा प्रश्न पहिला न विचारणे. नावे देण्याचे जे काम आदामाकडून राहिले, ते कोणीतरी पुढे न्यायला हवे, आणि तेही प्रार्थनेच्या जवळचे काम आहे. तिसरी गोष्ट अधिक कठीण. आपला समुद्र ज्या धुराने तापतो त्यातील आपला वाटा ओळखून तो कमी करणे, आणि ज्यांचा वाटा आपल्याहून कितीतरी मोठा आहे त्यांना तसे सांगण्याचे धैर्य ठेवणे.

ह्यातून त्या बुरशीला आपली कृतज्ञता कळणार नाही. ती औषध देईलच असेही नाही. कदाचित ती सरगॅसमचे फुगे सुकवीत राहील आणि शैवाल तिच्याविरुद्ध आपले द्रव्य घडवीत राहील. परतफेडीची आशा नसताना एखाद्याचे अस्तित्व राखणे, ह्याला आपल्या धर्मात एक जुने नाव आहे, आणि ते आपण बहुधा माणसांपुरतेच वापरतो. त्याची कक्षा थोडी वाढवता येईल काय, एवढाच आमचा प्रश्न आहे. पाण्याखालच्या त्या काळोखात, कोणी पाहत नसताना, एक तंतू एका पातळ शैवालाच्या कडेने पुढे सरकतो आहे. त्याला पाहणारा एक जण पहिल्यापासून आहे. त्या नजरेला जे चांगले वाटले, ते केवळ आपण पाहिले नाही म्हणून पुसून टाकण्याचा अधिकार आपल्याला नाही.